रिमॅप केलेली टर्बो गाडी उन्हाळ्यात घडीघडी लिंप मोडला जाते? पॉवर वाढवायच्या आधी हे तपासा

एप्रिल लागला की कारंजा, दारव्हा, पुसद या पट्ट्यातले पोट्टे हाच प्रॉब्लेम घेऊन येतात. गाडी टर्बो पेट्रोल, स्टेज १ रिमॅप मारलेला (पार्ट कंपनीचेच ठेवून इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे प्रोग्राम, बदलून पॉवर वाढवलेली), हिवाळ्यात एकदम झकास पळून राहिली होती, अन् आता समृद्धीवर चढून पंधरा-वीस मिनिटं झाली, ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला की चेक लाइट लागते, पिकअप गायब, गाडी त्याच ट्रकच्या मागे रांगत राहते. बंद करून पुन्हा चालू केली की नीट. मंग कोणाकडून तरी स्कॅनर लावून एरर घालवायचा, आठवडाभर बरं चालते, अन् पुन्हा तेच.

यावर दोन सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो मॅपच खराब आहे, काढून टाक. दुसरा म्हणतो गाडीला हवा कमी पडून राहिली, मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा), मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा सायलेन्सरकडं जाणारा पाइप), स्टेज २ (पार्ट बदलून अजून पॉवर) करून टाक. मी म्हणतो थांबा भाऊ, आधी गाडी काय सांगून राहिली ते तर वाचा. लिंप मोड म्हणजे ईसीयूनं, इंजिनच्या कॉम्प्युटरनं, इंजिन वाचवण्यासाठी पॉवर कापली, अन् का कापली ते त्यानं लिहून ठेवलेलं असते, आपण ते न वाचताच पुसून टाकतो अन् मंग म्हणतो प्रॉब्लेम सापडत नाही.

तर पहिलं काम, एरर घालवू नका. नुसता कोड नंबर पाहून पण थांबू नका, त्याच्यासोबत फ्रीज फ्रेम असते ती पाहा, म्हणजे एरर आला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, कूलंट किती गरम, आत जाणारी हवा किती गरम. साधा ईएलएम३२७ ब्लूटूथ डोंगल अन् फोनवर कार स्कॅनर किंवा टॉर्कसारखं ॲप असलं तरी बहुतेक गाड्यांत एवढं दिसते. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनी ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस वापरलं तर प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) वेगळं दिसते, ते लय कामाचं आहे.

आपल्याकडे जास्त करून पी०२९९ येतो, म्हणजे ईसीयूनं जेवढा बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर) मागितला तेवढा मिळाला नाही. कधी पी०२३४, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त झाला. मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं) असेल तर पी०३०० किंवा पी०३०१, ०३०२, ०३०३, यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. अन् पी०८७ म्हणून जे लोक लिहितात तो पूर्ण पी००८७, फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरला पेट्रोल पोचवणाऱ्या नळीत) प्रेशर कमी पडलं. हे चारही वेगळे रोग आहेत, सगळ्याले एकच औषध नाही.

आता उन्हाळ्यातच काहून होते ते समजून घ्या, कारण हे समजलं की अर्धी तपासणी आपोआप सुचते. टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते. २० डिग्रीची हवा दुप्पट प्रेशरला नेली तर साधारण ७० टक्के एफिशियन्सीचा कॉम्प्रेसर धरून ती ११० डिग्रीच्या आसपास बाहेर पडते. तीच हवा आपल्या मे महिन्यातली, ४५ डिग्रीची घेतली तर १४० च्या वर जाते. वरून ४५ डिग्रीची हवा २० च्या हवेपेक्षा जवळपास ८ टक्के पातळ असते, म्हणजे तेवढाच ऑक्सिजन आत घ्यायला टर्बोला अजून जोरात फिरावं लागते, अन् जोरात फिरला की हवा अजून तापते. इंटरकूलरनं ही हवा गार करायची, पण तो तरी बाहेरच्या हवेच्या खाली थोडीच नेणार, बाहेरचीच ४५ आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर ४७ पण पाहायला मिळते अन् दुपारच्या काँक्रीट रस्त्याच्या लगतची हवा त्याहून तापलेली. कंपनीनं स्टॉक मॅपमध्ये या सगळ्यासाठी मार्जिन सोडलेली असते. रिमॅप करणारा त्याच मार्जिनमधून तुम्हाला पॉवर काढून देतो. त्यात चूक काही नाही, पण हिवाळ्यात ट्यून करून घेतली तर मे महिन्यासाठी काय उरलं हे विचारायला पाहिजे.

म्हणून मी सगळ्यात आधी समोरची जाळी पाहतो. शहरातल्या लोकांच्या यादीत हे नसते, पण आपल्याकडे कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या रस्त्यानं रोज गाडी गेली, कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे चालली, सोयाबीनच्या मळणीच्या वेळी वावराच्या धुऱ्यावर उभी राहिली, की रुई अन् कुटार उडून एसी कंडेन्सर अन् रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून टॉर्च मारला तर कंडेन्सर साफ दिसतो, लोक म्हणतात क्लीन आहे. पण मागच्या रेडिएटरच्या तोंडावर नमद्यासारखा थर असतो, तो बंपर उतरवल्याशिवाय दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमा होते अन् एप्रिलमध्ये बोंबलते. अशा गाडीकडून जास्त पॉवर मागणं म्हणजे माणसाच्या नाकातोंडावर दुपट्टा गच्च गुंडाळून त्याले भर दुपारी पळायला लावणं. बंपर काढा, मधली फट उघडा, आतून बाहेरच्या दिशेनं साध्या नळीच्या पाण्यानं धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्र्याचे फिन चपटे होतात अन् मंग हवा कायमचीच कमी जाते.

तिथंच अजून एक गोष्ट पाहा, बंपरच्या आतले प्लॅस्टिकचे एअर गाइड अन् इंजिनखालचा गार्ड. गावातल्या उंच गतिरोधकावर घासून ते तुटतात, ऑइल चेंज करणारा स्क्रू सापडत नाही म्हणून गार्ड परत लावत नाही, अन् मालकाला वाटते काही फरक पडत नाही. पडते ना. ते गाइड हवा रेडिएटरच्या आत ढकलायला असतात, नसले की हवा बाजूनं, खालून निघून जाते. मानोऱ्याकडची एक गाडी अशीच होती, नवीन इंटरकूलर टाकून पण लिंप मोड जाईना. गाइड अन् गार्ड बसवले, रेडिएटर धुतला, तर दुपारच्या लॉगमध्ये (चालत्या गाडीच्या रीडिंगच्या नोंदीत) आत जाणाऱ्या हवेचं तापमान चांगलं खाली आलं अन् एरर पुन्हा आला नाही. इंटरकूलरचे पैसे वाचले असते त्याचे.

ज्या गाड्यांत पाण्यानं गार होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो, त्यांना वेगळा छोटा रेडिएटर अन् छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तो पंप बंद पडला किंवा त्या लाइनमध्ये हवा अडकली तर इंजिनचा काटा एकदम नॉर्मल दाखवतो अन् इनटेकची हवा मात्र तापतच जाते. काट्यावर भरोसा ठेवला की हे नजरेतून सुटते. चाबी ऑन करून स्कॅनरमधून पंप चालू करून पाहा, हात लावला तर थरथर समजते.

एअर फिल्टरबद्दल माझं मत पक्कं आहे. उघडा कोन फिल्टर आपल्या भागात लावू नका. आवाज छान येतो हे मान्य, पण तो इंजिनच्या बाजूची तापलेली हवा ओढतो, अन् आपली बारीक काळ्या मातीची धूळ तेलवाल्या जाळीतून जाते. ती धूळ हजारो वेळा कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आपटून त्यांची धार खाते, अन् तेल जास्त झालं तर आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर बसून रीडिंग चुकवते. स्टॉक बॉक्स, कागदी फिल्टर, अन् मळणी-वेचणीच्या सीझनमध्ये कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या अर्ध्यातच बदलायचा. स्टेज १ च्या पॉवरला स्टॉक बॉक्स बहुतेक गाड्यांत पुरतो.

आता लीकेज. पी०२९९ मध्ये याचा नंबर जाळीनंतर लगेच येतो. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे होज पाइप, त्यांच्या क्लिपा, अन् काही गाड्यांत डायव्हर्टर व्हॉल्वचा (पाय काढल्यावर उरलेला बूस्ट सोडणारा) रबरी पडदा. स्टॉक बूस्टवर जो जॉइंट तग धरतो तो वाढलेल्या बूस्टवर फुस्स करतो, आयडलवर काहीच कळत नाही. कानानं शोधू नका, स्मोक टेस्ट करा, धूर जिथून निघाला तिथं लीक. पाइपच्या तोंडाशी तेल अन् धुळीचा काळा चिखल जमलेला दिसला तर तिथंच संशय घ्या. इंटरकूलर पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा असतोच, पण डबकं साचलं असेल तर पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातली तेलाची वाफ इनटेककडं नेणारा) किंवा टर्बोचा सील पाहावा लागेल, कारण तेलाची वाफ पेट्रोलसोबत जळली की नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) वाढते.

पी०२३४ असेल तर उलटं, वेस्टगेट (टर्बोला फिरवणारा धूर वळवून बूस्ट आवरणारं झाकण) नीट उघडत नाही. ॲक्च्युएटरचा दांडा गंजून अडकतो, गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर जास्तच. यात मॅपचा दोष नसतो, पण वाढीव बूस्टमुळे तो लवकर दिसतो.

मिसफायर फक्त पूर्ण ॲक्सिलेटरला, तेही ३००० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये येत असेल तर नव्वद टक्के वेळा प्लग किंवा कॉइल. बूस्ट वाढला की सिलिंडरमध्ये प्रेशर वाढते, अन् जास्त प्रेशरमध्ये ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. ०.८ मिलिमीटर गॅप स्टॉकवर चालतो, तोच रिमॅपनंतर बऱ्याचदा ०.६ ते ०.६५ ला आणावा लागतो. बऱ्याच ट्यूनवाल्यांकडून एक स्टेप कोल्ड प्लग (गरमी लवकर बाहेर नेणारा) पण सांगितला जातो, तिथं एक गडबड नेहमी होते, एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग कोल्ड अन् बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे हॉट. दुकानदारानं उलटा दिला तर नॉकिंग कमी व्हायच्या ऐवजी वाढते. इरिडियम प्लगचा गॅप करताना मधल्या टोकाला हात लावायचा नाही, बाजूची पट्टीच हळू वाकवायची. अन् प्लग टॉर्क रेंचनं आवळा, हातच्या अंदाजानं नाही.

पेट्रोल. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते, कारण गावाकडं राहणाऱ्याची फसगत इथंच होते. मॅप पुण्या-मुंबईत बनलेला असतो, फाइलवर ९७ किंवा १०० ऑक्टेन (आकडा जेवढा मोठा तेवढं पेट्रोल नॉकिंगला टिकते) लिहिलेलं असते. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेच आधी मोजक्या मोठ्या शहरांत. तुमच्या तालुक्याच्या पंपावर ते मिळते का? नाही मिळत तर ती फाइल तुमच्या गाडीत असायलाच नको. ऑक्टेन कमी पडलं की ठिणगीनंतर जाळ पोचायच्या आधीच उरलेलं दाबलेलं मिश्रण आपोआप पेटते, नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो, पॉवर कमी होते, वर सायलेन्सरकडचं तापमान वाढते कारण उशिरा जळणारा जाळ बाहेर पडताना पण जळत असतो. म्हणजे पैसे देऊन घेतलेली पॉवर उन्हाळ्यात मिळतच नाही, फक्त गरमी मिळते.

ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) लोक घाबरून विचारतात. बीएस६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई२० ९५ च्या जवळ जाते, अन् इथेनॉल वाफ होताना गारवा पण जास्त देते, म्हणजे नॉकिंगच्या बाजूनं ई२० वाईट नाही. अडचण दुसरीकडं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त टाकावं लागते. वाढवलेला बूस्ट अन् वरून जास्त पेट्रोल, हाय प्रेशर पंप अन् इंजेक्टर दोन्ही काठावर येतात, अन् मंग पी००८७ येतो. लॉगमध्ये रेल प्रेशर मागितलेलं अन् मिळालेलं सोबत पाहा, ५००० च्या वर दोन्हीत फट पडत असेल तर पॉवर कमी करा किंवा पंप तपासा, तशीच ताणू नका, जास्त लोडवर मिश्रण पातळ झालं तर पिस्टन वितळतो. जुनी गाडी ई२० साठी बनलेली आहे का ते मॅन्युअलमध्ये अन् टाकीच्या झाकणावर पाहून घ्या. पेट्रोल नेहमी जिथं खप जास्त आहे अशा पंपावर भरा, इथेनॉल पाणी ओढते अन् पावसाळ्यात कमी खपाच्या पंपाच्या टाकीत पाणी शिरलं तर ते इथेनॉलसोबत खाली वेगळं बसते.

अजून एक नॉकिंग आहे ज्याचा उन्हाशी फार संबंध नाही पण छोट्या टर्बोचा जीव घेते. ट्यून केल्यावर १५०० आरपीएमलाच भरपूर टॉर्क मिळतो, मंग पोट्टे पाचव्या-सहाव्या गिअरमध्येच चढावर पूर्ण पाय दाबतात. कमी आरपीएम, जास्त लोड, डायरेक्ट इंजेक्शन, यात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते, याला एलएसपीआय म्हणतात. नॉक सेन्सरनं टायमिंग मागे घेऊन हे थांबत नाही, एका झटक्यात पिस्टनची रिंगलँड (रिंग बसते ती कड) तुटू शकते. चिखलदऱ्याच्या घाटात गिअर खाली टाका, २५०० च्या वर राहू द्या, मंग दाबा. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचं घ्या, हा ग्रेड २०२० पासून आहे अन् त्यात एलएसपीआयची टेस्टच आहे. व्हिस्कॉसिटी मॅन्युअलची. रिमॅप केलेल्या गाडीचं ऑइल १५,००० ला नाही, ७,५०० च्या आत बदला.

काही जण रिमॅपच्या ऐवजी ट्यूनिंग बॉक्स लावतात, दोन कनेक्टर जोडले की झालं, सर्व्हिसला जाताना काढता येते. तो बॉक्स मॅप सेन्सरचा (हा मॅप वेगळा, इनटेकमधलं प्रेशर मोजणारा सेन्सर) सिग्नल कमी करून ईसीयूला दाखवतो, ईसीयूला वाटते बूस्ट कमी आहे, तो वाढवतो. म्हणजे खरा बूस्ट किती आहे हे तुमच्या ईसीयूला माहीतच नाही. उन्हाळ्यात ज्याच्या भरोशावर इंजिन वाचते त्यालाच खोटं सांगायचं हे मला पटत नाही. बॉक्स लावलेला असून लिंप मोड येत असेल तर आधी बॉक्स काढून आठवडाभर चालवा, अर्ध्या गाड्या तिथंच नीट होतात.

लॉग कसा घ्यायचा ते सांगतो. शक्य असेल तर डायनोवर (गाडी जागेवरच चालवून पॉवर मोजायची मशीन), ते सगळ्यात चांगलं. रस्त्यावर घ्यायचा तर तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून लाल रेषेच्या थोडं खालपर्यंत, फोन दुसऱ्याच्या हातात, रस्ता मोकळा अन् सरळ, दिवसाच्या उजेडात. समृद्धीवर मर्यादा १२० आहे, ती ओलांडायची नाही, तिसऱ्या गिअरमध्येच काम होते, पाचव्याची गरज नाही. गावच्या रस्त्यावर जिथं धुऱ्यावरून बैलगाडी नाहीतर गुरं कधीही निघतात तिथं करूच नका. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची ड्यूटी, इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) अन् रेल प्रेशर, एवढं नोंदवा. सुरुवातीपासूनच मिळालेला बूस्ट कमी असेल तर लीक किंवा वेस्टगेट. ४५०० पर्यंत बरोबर अन् नंतर घसरत असेल अन् वेस्टगेट पूर्ण बंद राहत असेल तर टर्बोची तेवढीच ताकद आहे, त्याच्याकडून अजून मागू नका. बूस्ट बरोबर पण टायमिंग एकाच सिलिंडरमध्ये मागे येत असेल तर तो प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहा. सगळ्याच सिलिंडरमध्ये सारखं ५-६ डिग्री मागे येत असेल अन् इनटेक ६० च्या वर असेल तर गरमी किंवा पेट्रोल.

क्लच अन् गिअरबॉक्सचं थोडक्यात. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डीक्यू२०० हा २५० एनएमसाठी बनलेला आहे. १.० लिटरमध्ये १७८ एनएम असते अन् आपल्याकडे त्यासोबत हा गिअरबॉक्स येत नाही, पण १.५ टीएसआयमध्ये स्टॉकच २५० आहे, तिथं डीएसजीसोबत टॉर्क वाढवायच्या भानगडीत मी कोणाला पडू देत नाही. मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला २००० पासून पूर्ण दाबा, आरपीएम चढला अन् स्पीड मागं राहिला तर क्लच प्लेट सरकते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, डॉट ४ नवीन असताना २३० डिग्रीच्या वर उकळते, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकते. टायर झिजलेले असतील तर पॉवरचा विचारच आत्ता नको.

कागदाचं पण पाहा. वॉरंटी असेल तर रिमॅपचा माग सर्व्हिस सेंटरला लागू शकतो, नंतर स्टॉक फाइल टाकली तरी. इन्शुरन्स कंपनीला बदल लिहून कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडेल. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून घेणारा ट्यूनर असेल तर तिथून निघून या.

हे सगळं तपासून झाल्यावर, अन् तरीही लिंप मोड येत असेल, तरच मॅपवाल्याकडं जा. त्याच्याकडं सकाळचा एक अन् दुपारी तीनचा एक असे दोन लॉग पाठवा, सोबत लिहा की पेट्रोल कोणत्या प्रकारचं भरता, बाहेर तापमान किती होतं, एसी चालू होता का, प्लग कोणता अन् गॅप किती. त्याले सांगा की इनटेक ५५ च्या वर गेला की बूस्ट अन् टायमिंग हळूहळू खाली आणणारी फाइल पाहिजे, अन् फाइल साध्या पंपावरच्या पेट्रोलची पाहिजे. दहा-पंधरा पीएस कमी दिसतील कागदावर, घ्या कमी. अन् दुपारचा लॉग न मागता नुसती नवी फाइल पाठवून देतो म्हणणारा असेल तर दुसरा ट्यूनर पाहा.